श्रीपतींच्या कोटातला नवरा

"मानूस दर्यावर असताना त्याच्या फोटोला कात्री लावू नये गो," असं माझ्या सासूबाई मांदेली साफ करता करता मला म्हणाल्या होत्या. मी बी.कॉम. झालेली असल्यामुळे हसले.

"आई, कात्री नाही लावायची. कम्प्युटरवर क्रॉप करायचाय."

"म्हंजे?"

"म्हणजे नको असलेला भाग काढून टाकायचा आणि हवा तेवढाच ठेवायचा."

त्यांनी एका मांदेलीचं डोकं मोडून बाजूला टाकलं, उरलेली ताटलीत ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. त्यांचे वडील, सासरे, नवरा आणि आता मुलगा, सगळे समुद्रावरचे. इतकी वर्षं वाट बघून बघून त्यांनी एक कला मिळवलीय. न बोलता त्या माणसाला जेवढं घाबरवतात तेवढं टीव्हीवरच्या लाल अक्षरातल्या बातम्यांनाही जमत नाही. पण त्या दिवशी मी घाबरले नाही. घाबरायला माझ्याकडे दुसरी पुष्कळ कारणं होती.

माझा नवरा नितेश मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनियर आहे. आमची राही आता बोलू लागलीय, आणि तिच्या मते बाबा हा फोनमध्ये राहणारा एक प्राणी आहे. फोन वाजला की ती रिसीव्हरच्या भोकांतून आत डोकावते. मागच्या सुट्टीत नितेश घरी आला तेव्हा तिने त्याला ओळखलं नाही. तो पलीकडच्या खोलीत जाऊन फोनवर बोलला तेव्हा मात्र धावत आली, आणि धावत आली ती फोनकडे. त्याच दिवशी नितेशने किनाऱ्यावरची नोकरी शोधायचं ठरवलं. मुंबईतल्या एका ओळखीच्या एजंटाने त्याला सांगितलं, "आता बायोडाटा कोणी वाचत नाही. नोकरीपेशातल्या लोकांची एक साइट आहे, तिथे माहिती टाक. साहेब लोक आधी चेहरा बघतात."

त्यानुसार नितेशने कुठल्या कुठल्या बंदरांवर उतरून सगळी माहिती भरली. फुजैराहून त्याचा फोन आला.

"वेदिका, नीट ऐक, लाइन जाईल. फक्त फोटो राहिलाय. माझ्याकडे इथे धड फोटो नाही. तू चढव. चौकोनी पाहिजे, चेहरा स्पष्ट पाहिजे आणि फाइल लहान पाहिजे."

"तू कुठे निघालास?"

"सुएझला. रविवारपर्यंत पोचू, पोचलो की फोन करतो. मध्ये एडनचं आखात आहे. घाबरू नकोस."

आता हे 'घाबरू नकोस'. घाबरण्यासारखं काही नसेल तर हे कोणी म्हणत नाही. राहीला मी कधी 'भात खा, घाबरू नकोस' असं म्हटलेलं नाही. इंजेक्शन देणारे डॉक्टर मात्र म्हणतात. शिवाय हे साल दोन हजार नऊ. चाच्यांनी जहाजं पळवल्याच्या बातम्या पेपरात रोज, आणि त्याही नेमक्या त्याच आखातातल्या. मी सकाळी लवकर उठून पेपरातलं ते पान सासूबाईंच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली सारत असे. एकदा गादी उचलली तर तिथे आधीच काही पानं होती. ती मी ठेवलेली नव्हती. त्याविषयी आम्ही दोघी आजतागायत एकमेकींशी बोललेलो नाही.

तर, फोटो. मी सायबर कॅफेत गेले. तिथे ओळखपत्राशिवाय बसू देत नाहीत. मी माझं ओळखपत्र दाखवलं. मालक म्हणाला, "खातं कोणाचं उघडणार?"

"मिस्टरांचं."

"मग मिस्टरांचं ओळखपत्र लागेल."

"ते त्यांच्याजवळ आहे. ते समुद्रात आहेत."

"मग ते आल्यावर या."

अखेर रेशनकार्ड आणलं. त्यात माझं, नितेशचं आणि सासूबाईंचं नाव एका पानावर बघून त्याचं समाधान झालं. म्हणजे रॉकेल मिळण्याच्या पुराव्यावर मी इंटरनेटवर गेले. पासवर्ड नितेशने फोनवर घाईघाईत सांगितला होता. तो लागला आणि पान उघडलं.

ज्याने फोटो टाकलेला नसतो त्याच्या जागी ही साइट एक राखाडी डोकं दाखवते. त्याला डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. नुसता खांद्यापर्यंतचा आकार. आणि त्याच्याखाली माझ्या नवऱ्याचं नाव, हुद्दा, गाव रत्नागिरी. बाहेर रिक्षा चालल्या होत्या, राही माझ्या मांडीवर बसून माऊसची वायर चोखत होती, आणि मी त्या बिनचेहऱ्याच्या नितेशकडे बघत होते. तो त्या आखातातून जात असताना त्याचं नाव असल्या डोक्याखाली एक दिवससुद्धा राहू द्यायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. सुशिक्षित बाई अंधश्रद्धाळू नसते. तिला फक्त काही गोष्टी बघवत नाहीत.

घरी येऊन फोटो धुंडाळले. जहाजावरची माणसं फोटो पुष्कळ काढतात, पण त्यात माणूस कमी आणि जहाज जास्त असतं. बॉयलर सूटमधला नितेश ओळखू येत नव्हता. लग्नातल्या नितेशला मुंडावळ्या होत्या. एका फोटोत त्याच्या हातात इतकी मोठी सुरमई होती की साहेब लोकांनी नोकरी सुरमईलाच दिली असती. शेवटी उरला आरे-वाऱ्याचा फोटो. नितेश आणि त्याच्यासारखाच जहाजावर असणारा दोस्त बाळा समुद्राकडे पाठ करून उभे, बाळाचा हात नितेशच्या खांद्यावर, दोघं कशावर तरी खो खो हसून नुकतेच थांबलेले. तो फोटो बाळाच्या बायकोने, सगुणाने काढलेला. सगुणा पावसची, एवढीशी, पण बाळाला एका शब्दात गप्प करणारी. "पोट आत घ्या दोघांनी, किनारा दिसत नाही," असं ती म्हणाली होती, आणि हसू थांबायच्या आत तिने बटण दाबलं. नितेशचा इतका चांगला चेहरा दुसऱ्या कुठल्याच फोटोत नव्हता.

बाळाभावजींची मनातल्या मनात माफी मागून मी पुन्हा कॅफेत गेले आणि फोटो स्कॅन केला. साइट म्हणाली, फाइल मोठी आहे. मी लहान केली. लहान करताना रुंदी बदलायची तशी उंचीही बदलायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नितेशचा बोंबील झाला. तो सुधारायला दुसरीकडे आकडा टाकला तर पापलेट झालं. दोन्हींच्या मधला माणूस सापडेपर्यंत राहीने कॅफेतल्या तीन गिऱ्हाइकांचे बूट मोजले, एकाचा चावला. शेवटी माणूस सापडला तर साइट म्हणाली, फाइल फार लहान आहे, चेहरा स्पष्ट नाही. मी तो मोठा केला. मोठा केल्यावर चेहऱ्याच्या विटा झाल्या. जांभ्या दगडाचा गडगा रचावा तसा माझा नवरा चौकोनाचौकोनांनी रचलेला दिसू लागला.

घरी आले तर ओट्यावर आप्पा बसलेले. आप्पा आमचे शेजारी. कोयना प्रकल्पाच्या कचेरीतून निवृत्त झाले, पण मनाने अजून अलोऱ्याच्या कॉलनीतच राहतात. त्यांनी कॅफेतली छापील प्रत हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"अलोऱ्याला असताना आमच्याकडे बोगद्याचे फोटो वरती पाठवायचे असत," ते म्हणाले. "एकदा साहेबांनी फोटो परत पाठवला. का, तर म्हणे रुबाब नाही. आता बोगद्याला कुठून रुबाब आणायचा? पण आणला. सूनबाई, ह्याच्यात रुबाब नाही. शर्टाचं वरचं बटण उघडं. मागे समुद्र. ह्याला नोकरी कोण देईल, होडी देतील एखादी."

"मग काय करू आप्पा?"

"कोट हवा. टाय हवा. मागे साधा रंग हवा."

"कोट नाहीये त्याच्याकडे."

आमच्या दुसऱ्या शेजारीण मालनकाकू कुंपणापलीकडून हे ऐकत होत्या. काकूंना कानांनी ऐकू कमी येतं असं डॉक्टर म्हणतात. कुंपणापाशी मात्र डॉक्टर कधी आलेले नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, गोखले नाक्यावर श्रीपती आहेत की. फोटोला कोट घालून देतात. आमच्या ह्यांना आयुष्यभर सदऱ्याशिवाय काही माहीत नव्हतं, पण शेवटी कोटात किती छान दिसले."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. पण राहीचं अंग गरम लागत होतं, ती चिडचिड करत होती, आणि मी तिच्या मानेवर आलेला एक बारीकसा फोड बघत होते. डास, असं म्हणून मी तो विषय संपवला.

श्रीपतींचं दुकान म्हणजे सबकुछ. फोटो, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, निवडणुकीचे फलक, आणि स्थानिक पेपरात द्यायच्या जाहिराती. माणूस अतिशय सभ्य. मी गेले तेव्हा रेडिओवर गाणं चालू होतं. मी राहीला कडेवर घेऊन, घाईघाईने, एका दमात सगळं सांगितलं. फक्त चेहरा ठेवा. शेजारचा माणूस काढून टाका. कोट घाला, टाय घाला. मागे साधा रंग. आणि आजच्या आज पाहिजे.

श्रीपतींनी फोटो हातात घेतला. "साहेब कुठे असतात?"

"जहाजावर," मी म्हटलं. "एडनच्या आखातात." आणि का कोण जाणे, माझा आवाज तिथे चिरकला.

ते उठले. त्यांनी रेडिओ बंद केला. आतून स्वतःची खुर्ची आणून मला दिली, माठातलं पाणी दिलं. राहीकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली. "वहिनी, तुम्ही काही बघू नका. मी सगळं नीट करतो. पेपरला पण द्यायचा का?"

"नाही, पेपरला नको. फक्त इंटरनेटवर."

"बरोबर. हल्ली सुरू झालंय तसं," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मला वाटलं, काय हे सौजन्य. नाहीतर त्या कॅफेतला मालक बघा. फोटो तयार झाला. त्यांनी तो सीडीवर टाकून दिला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. पडद्यावर बघितला तर नितेश निळसर ढगांसारख्या रंगात काळ्या कोटात उभा. जरा परका वाटत होता, पण साहेब लोकांच्या जगात माणसाने परकंच दिसायचं असतं. माझी मूळ प्रत त्यांनी कोऱ्या पाकिटात घालून परत दिली. निघताना म्हणाले, "मोठी प्रत मी घरी पोचती करतो. आमच्याकडून." मी म्हटलं, कशाला उगीच. ते म्हणाले, "असू दे वहिनी."

त्या दिवशी शनिवार होता. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे फोनचा दिवस. मी फोनपासून हलले नाही. आंघोळीला गेले ते राहीला फोनजवळ बसवून. फोन आला नाही. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "समुद्रावर रविवार वायच उशिरा येतो." त्यांनी हे विनोदाने म्हटलं की कसं, मला अजून समजलेलं नाही. दोघीही हसलो नाही.

सोमवारी सकाळीही फोन नाही. घरात बसवेना. सासूबाई मिरकरवाड्याला मासळीला गेल्या, मी फोनकडे लक्ष ठेवायला सांगून किल्ली मालनकाकूंकडे दिली आणि राहीला घेऊन कॅफेत गेले. निदान ते राखाडी डोकं तरी घालवावं. फोटो आता एवढासा होता, साइटने मुकाट्याने घेतला. राखाडी डोकं गेलं आणि तिथे नितेश आला. मी पडद्यावर बोट ठेवून राहीला म्हटलं, "बाबा." ती पडद्याच्या मागे जाऊन बघून आली.

मला खरंच हलकं वाटलं. येताना मी गुणगुणत होते. आणि आमच्या कोपऱ्यावर वळल्याबरोबर मला पायरीवरच्या चपला दिसल्या.

चपला इतक्या होत्या की मधला जास्वंदीचा वाफा भरला होता. एवढी माणसं, आणि घरातून आवाज नाही. आमच्या आळीत चार माणसं जमली तर आवाज स्टँडपर्यंत जातो. मी फाटकात थांबले. राहीचं वजन एकदम वाढल्यासारखं झालं.

मालनकाकू पुढे आल्या आणि त्यांनी राहीला माझ्या कडेवरून घेतलं. आप्पा मला बघून उभे राहिले. ते प्रकल्पावर अधीक्षक अभियंत्यासाठीसुद्धा उभे राहत नसत, असं त्यांनीच मला अनेकदा सांगितलंय. टीव्हीची पिन काढून ठेवलेली होती. स्वयंपाकघरातून पेजेचा वास येत होता; माझ्या घरात, माझ्या चुलीला हात न लावता, कोणीतरी आपल्या घरून पेज आणून ठेवली होती. शेजारच्या घरातून अन्न कधी येतं हे मला माहीत आहे.

"फोन आला?" मी विचारलं.

मालनकाकूंनी पदर तोंडाला लावला.

मी भिंतीला टेकून खाली बसले. मला कळलं की यांना कळलंय. टीव्हीवर दाखवलं असणार. जहाजाचं नाव आलं असणार. कोणी मला सांगत नव्हतं आणि मी विचारणार नव्हते, कारण जोपर्यंत मी विचारत नाही तोपर्यंत तो सुएझच्या वाटेवर होता. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. आप्पा घसा खाकरत आणि थांबत. समोरच्या जोशीण माझ्या पाठीवरून हात फिरवत. कोणीतरी साखरेचं पाणी दिलं. ते मी प्यायले. गोड होतं, याची मला लाज वाटली.

"आईंना सांगू नका," मी एवढंच म्हटलं.

"आम्ही पण तेच ठरवलंय," मालनकाकू हुंदका देत म्हणाल्या. "आधी त्यांना जेवू दे."

आणि तेवढ्यात सासूबाई आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत बांगडे. त्यांनी चपला बघितल्या, माणसं बघितली, मला बघितलं. पाटी उतरवून खाली ठेवली.

"कोन मेला?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वेळात हा प्रश्न कोणाच्याही तोंडून निघाला नव्हता. मालनकाकूंनी नुसतं कोपऱ्याकडे बघितलं. तिथे खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून, एक चौकट ठेवलेली होती. सासूबाई गेल्या आणि त्यांनी ती वळवली.

काच, सोनेरी कड, निळसर ढग, कोट. माझा नवरा हातभर मोठा झाला होता.

सासूबाईंनी चौकट दोन्ही हातांत धरून खिडकीजवळ नेली. मासळी ताजी आहे का हे जसं बघतात तशी त्यांनी ती बघितली. खूप वेळ.

"ह्यो कोट कोनाचा?"

"श्रीपतींकडचा आहे," आप्पा कसेबसे म्हणाले. "त्यांच्या कम्प्युटरात एकच कोट आहे. आमच्या दादाला पण हाच होता. पेपरात."

"आमच्या ह्यांना पण," मालनकाकू म्हणाल्या.

"माझ्या मावससासऱ्यांना," जोशीण म्हणाल्या. मग सगळेच बोलू लागले. त्या कोटात आळीतले किती जण गेले होते त्याचा हिशेबच निघाला. रत्नागिरीत ज्याला ज्याला आयुष्यभर कोट मिळाला नाही, त्याला तो शेवटी श्रीपतींनी घातला होता.

"आनि ह्यो हात कोनाचा?" सासूबाईंनी विचारलं.

सगळे पुढे झुकले. नितेशच्या डाव्या खांद्यावर, कोटाच्या वर, चार बोटं होती. लहान फोटोत दिसत नव्हती. श्रीपतींनी बाळाला काढला होता, पण तो अख्खा निघाला नव्हता.

"बाळाभावजींचा," मी म्हटलं. "आई, हा फोटो साइटसाठी मीच करून घेतला."

सासूबाई सावकाश आप्पांकडे वळल्या. "तुमाला कोनी सांगितला?"

"मालनताईंनी बोलावलं."

"आनि तुला गो?"

"श्रीपतींनी ही चौकट आणून दिली," मालनकाकू म्हणाल्या. "काही बोलले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले आणि गेले. मी कोट बघितला आणि समजले."

"श्रीपतीला कोनी सांगितला?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त चेहरा, शेजारचा माणूस काढा, कोट घाला, आजच्या आज, साहेब आखातात. मी रत्नागिरीत राहते आणि त्या दुकानात जाऊन हे बोलले, आणि तेही चिरक्या आवाजात, लेकराला कडेवर घेऊन.

"कात्रीच ती," सासूबाई म्हणाल्या.

कोणीतरी हसलं. बहुतेक आप्पा. मग मीही हसले आणि हसता हसता रडले. पण रडणं लवकर थांबेना, कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ही बातमी माझ्यापासून निघून माझ्यापर्यंत आली होती, म्हणजे ती खोटी होती. पण फोन अजूनही आलेला नव्हता. ते खरं होतं.

हे सगळ्यांच्याच लक्षात आलं असावं. हसू विरलं. माणसं चपला शोधू लागली. तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"खंय चाललात? रडायला आलात ना धावत? मग वायच थांबायला काय झाला? फोन येस्तवर कोनी हलायचा नाय."

आणि कोणी हललं नाही. बांगडे तळले गेले. मालनकाकूंची पेज त्यांनाच वाढली. जे मासे खात नव्हते ते वास येत नाही असं दाखवत बसले. आप्पांनी बोगदा खणायला घेतला आणि दुपारपर्यंत तो पलीकडे नेला. मध्ये एकदा फोन वाजला. मी कशी पोचले मला माहीत नाही.

"वहिनी, श्रीपती बोलतोय," पलीकडून हळू आवाज आला. "हार आमच्याकडून पाठवू का, की तुम्ही केलाय?"

सासूबाईंनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. त्या त्यांना काय म्हणाल्या ते मी इथे लिहीत नाही. हे घराघरात वाचलं जातं.

नितेशचा फोन संध्याकाळी आला, दिवे लागायच्या वेळी. सुएझच्या बाहेर जहाजांची रांग होती, लाइन मिळत नव्हती, एवढंच. मी 'हॅलो' ऐकलं आणि मागे वळून मान हलवली, आणि आमच्या पडवीत एक असा आवाज झाला की नितेशने विचारलं, "घरी कोण आलंय?"

"सगळे," मी म्हटलं.

त्याला सगळं सांगितलं. कोटाचं ऐकून तो हसत सुटला. चार बोटांचं ऐकून आणखी हसला आणि मग मध्येच थांबला.

"वेदिका, सगुणाला बाळाचा फोन आलाय का?"

"का?"

"त्याचं जहाज आमच्याबरोबरच आखात ओलांडणार होतं. जहाजं गटाने सोडतात, पहाऱ्यात. ऐन वेळी त्यांना मागच्या गटात ठेवलं. आज सकाळपर्यंत इथे लागायला हवे होते ते." मग घाईने म्हणाला, "उशीर होतो. आम्हालाही झालाच की. घाबरू नकोस."

पुन्हा तेच.

मी सगुणाला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "नाही गं अजून. येईल." इतक्या शांतपणे म्हणाली की मला तिचं 'पोट आत घ्या दोघांनी' आठवलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. त्यानंतर घंटी वाजते, पण उचलत नाही. तिची सासू मुंबईला मुलीकडे गेलीय. सगुणाला सातवा महिना आहे. पावसच्या त्या बागेतल्या घरात ती एकटी आहे.

मी केव्हाच गेले असते. पण राहीच्या मानेवरचा तो फोड डास नव्हता. कांजिण्या आहेत. आता अंगभर फुटल्यात, आणि डॉक्टरांनी मला आणि सासूबाईंना बजावलंय की या घरातल्या कोणी पोटुशी बाईच्या जवळ फिरकायचं नाही. आप्पा आणि मालनकाकू रोज आमच्या घरात, त्यांनाही पाठवता येत नाही. सासूबाई दिवसातून दहादा तोच नंबर फिरवतात. त्यांनी श्रीपतींची ती चौकट उघडून कोटातला नितेश बाहेर काढला आणि काच पुसून तिच्यात आरे-वाऱ्याचा मूळ फोटो घातला. दोघं त्यात हसून नुकतेच थांबलेले आहेत. चौकट आता टीव्हीवर आहे.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी पावसला जाणार असेल, दर्शनाला, नारळाला, कशालाही, तर मठाच्या पुढे डाव्या हाताला गडग्याच्या आत बाळाचं घर आहे, तिथे डोकावून या. बाळाचा फोन आला असेल तर सगुणाच्या हातचा चहा पिऊन निघा. आला नसेल तर एवढंच करा. बरोबर पेज नेऊ नका. चपला आवाज न करता काढू नका. आवाज खाली आणू नका. फाटकातूनच मोठ्याने हाक मारा, 'बाळाचा फोन आला का,' असं सरळ विचारा, आणि नाही म्हणाली तर तिथेच बसा, येईपर्यंत.

आणि तिला सांगा, फोटो आमच्याकडे अख्खा आहे.